माळरानाचा अभ्यासक धर्मगुरू : फादर एथेलबर्ट ब्लाटर, ये. सं.

बडनेऱ्याहून वर्ध्याकडे जाणारी आगगाडी टिमटाळा आणि मालखेड ही स्थानके मागे टाकून चांदूर रेल्वेला पोहोचते. या वाटेवर एका अंगाला कपाशी, तूर व सोयाबीनची काळी शेते दिसतात, तर दुसऱ्या अंगाला पोहरा-मालखेडच्या टेकड्या दिसतात. शेतांकडे प्रवाशांचे लक्ष जाते. टेकड्यांकडे सहसा जात नाही. पावसाळ्याचे चार महिने त्या हिरव्या असतात, दिवाळीनंतर सोनेरी होतात आणि फाल्गुनापासून उघड्या, तांबूस, दगडगोट्यांनी भरलेल्या दिसू लागतात. बोरीबाभळीची खुरटी झुडपे, भराटी, तरवड, चिल्हाटी आणि त्यांमधून वाळलेले गवत एवढेच तिथे उरते. अशा भूमीला आपल्या बोलीत माळ, मुरमाड, बरड असे शब्द आहेत. सरकारी भाषेत मात्र तिच्यासाठी बहुधा एकच शब्द वापरला जातो, तो म्हणजे पडीक.

ज्या भूमीला जग पडीक म्हणते, तिच्यातील प्रत्येक रोपट्याची नाव-गाव-तारखेनिशी नोंद करण्यासाठी एका कॅथलिक धर्मगुरूने आपले आयुष्य वेचले. ते म्हणजे येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लाटर. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रहाला त्यांचे नाव दिलेले आहे, त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते परिचित आहेत. आपल्या धर्मग्रामांतील सर्वसामान्य भाविकांना मात्र त्यांच्याविषयी फारच थोडी माहिती असते. म्हणून त्यांच्या जीवनकार्याचा हा परिचय.

मायदेशात बंदी असलेला संघ

एथेलबर्ट ब्लाटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन प्रांतात, रेबस्टाइन या गावी झाला. हे गाव ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ आहे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे १८९६ मध्ये, त्यांनी येशूसंघात प्रवेश केला.

वरवर हा निर्णय साधा वाटतो. परंतु त्या काळचा इतिहास लक्षात घेतला म्हणजे त्याची किंमत कळते. स्वित्झर्लंडच्या १८४८ च्या राज्यघटनेने येशूसंघाला देशात बंदी घातली होती आणि १८७४ च्या सुधारित घटनेने ती अधिक कडक केली होती. शेजारच्या जर्मनीतही १८७२ पासून येशूसंघीयांविरुद्ध कायदा होता. म्हणजे ज्या तरुणाला येशूसंघीय व्हायचे असेल, त्याला आपले घर, गाव आणि देश सोडूनच व्हावे लागे. परत येऊन आपल्याच लोकांमध्ये संघाचे काम करण्याची आशाही धरता येत नसे. स्वित्झर्लंडमधील ही बंदी १९७३ मध्ये सार्वमताने उठली. तोपर्यंत फादर ब्लाटर यांच्या मृत्यूला एकोणचाळीस वर्षे लोटली होती.

ज्यांना स्वदेशात काम करण्यास मज्जाव होता, अशा जर्मन भाषक येशूसंघीयांकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईच्या मिशनची जबाबदारी होती. सेंट झेवियर्स महाविद्यालय त्यांनीच १८६९ मध्ये सुरू केले. या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यासाठी १९०३ मध्ये ब्लाटर मुंबईत दाखल झाले. त्यांचे वय तेव्हा पंचवीस होते आणि त्यांना अजून गुरुदीक्षा मिळालेली नव्हती. योगायोग असा की, त्याच १९०३ साली आपला वऱ्हाड प्रांत मध्य प्रांताला जोडला गेला. या राजकीय फेरबदलाचा संबंध पुढे या कथेत येणार आहे.

टीपकागद आणि वाळलेली रोपे

मुंबईत आलेल्या तरुण प्राध्यापकापुढे पहिली अडचण होती ती अभ्याससाधनांची. थिओडोर कुक या अभ्यासकाचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथ १९०१ पासून भागाभागाने प्रसिद्ध होत होता आणि तो १९०८ मध्ये पूर्ण झाला. परंतु ग्रंथात वाचलेले रोप ओळखायचे तर ते प्रत्यक्ष समोर असावे लागते. पावसाळी रोपांचे आयुष्य जेमतेम दोन-तीन महिन्यांचे असते. जुलैमध्ये उगवलेले रोप ऑक्टोबरमध्ये दिसेनासे होते. मग डिसेंबरमध्ये विद्यार्थ्याला ते कसे दाखवायचे?

यावर वनस्पतिशास्त्राचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे वनस्पतिसंग्रह. फूल, फळ, पान आणि शक्य असल्यास मूळ यांसह रोप काढायचे, टीपकागदांच्या घड्यांमध्ये दाबून वाळवायचे, ओलसर झालेले कागद वारंवार बदलायचे, नंतर ते जाड कागदावर चिकटवून त्याखाली स्थळ, तारीख, जमिनीचा प्रकार आणि संग्राहकाचे नाव लिहायचे. हे काम कोणताही कष्टाळू माणूस करू शकतो; परंतु वर्षानुवर्षे न कंटाळता करणारे विरळाच. सेंट झेवियर्समध्ये अशा संग्रहाचा पाया १९०६ च्या सुमारास घातला गेला. ब्लाटर व त्यांचे विद्यार्थी यांनी तो पुढे इतका वाढवला की, पश्चिम भारतातील वनस्पतींचा अभ्यास त्याच्याशिवाय करता येईनासा झाला.

वाळलेल्या रोपाच्या कागदावर लिहिलेली तारीख आणि स्थळ या दोन गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु शंभर वर्षांनंतर त्या ठिकाणी ते रोप उरले नसेल, तर ते पूर्वी तिथे होते याचा तो कागद हाच पुरावा असतो. आपल्या धर्मग्रामांतील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचे जे महत्त्व, तेच या संग्रहाचे आहे. माणूस गेला तरी नोंद राहते, आणि नोंद असली म्हणजे तो होता हे कोणाला नाकारता येत नाही.

१९०९ मध्ये ब्लाटर ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी युरोपला गेले. याच काळात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. धर्मशिक्षण चालू असतानाच तिकडच्या मोठ्या वनस्पतिसंग्रहांचाही त्यांनी अभ्यास केला. लंडनजवळील क्यू येथे भारतातून आणि अरबस्तानातून नेलेली हजारो वाळवलेली रोपे जपून ठेवलेली आहेत. एडनच्या उजाड, खडकाळ भूमीतील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९१४ पासून प्रसिद्ध होऊ लागला. पाणी कमी, दगड जास्त अशा भूमीकडे त्यांचा ओढा होता हे या विषयावरून दिसते. पुढे संपूर्ण अरबस्तानच्या वनस्पतींवरही त्यांनी ग्रंथमाला लिहिली.

दरम्यान पहिले महायुद्ध सुरू झाले. जर्मन नागरिक असलेल्या मुंबईतील येशूसंघीयांना इंग्रज सरकारने स्थानबद्ध केले आणि पुढे देशाबाहेर पाठवले. साठ वर्षांच्या परिश्रमाने उभे राहिलेले मिशन एकाएकी पोरके झाले. ब्लाटर हे स्विस, म्हणजे तटस्थ देशाचे नागरिक. ज्या देशाने त्यांच्या संघाला थारा दिला नव्हता, त्याच देशाच्या नागरिकत्वामुळे त्यांना युद्धकाळातही मुंबईत काम करता आले. १९१५ मध्ये ते परतले आणि पुन्हा वर्गात उभे राहिले.

मारवाडचा प्रवास

फादर ब्लाटर यांच्या कार्यातील आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. १९१७ मध्ये ते आपले सहकारी प्राध्यापक हॉलबर्ग यांच्यासह जोधपूर आणि जैसलमेर या संस्थानांत वनस्पतींच्या शोधासाठी गेले. जैसलमेरकडे पाऊस वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पडत नाही. अमरावतीकडे त्याच्या चौपट पडतो. वाळूचे डोंगर, खडीची पठारे आणि उघडे खडक असा तो मुलूख. या प्रवासातून भारतीय वाळवंटातील वनस्पतींवरचा त्यांचा प्रदीर्घ अभ्यास सिद्ध झाला आणि तो १९१८ ते १९२१ या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः छापला गेला.

या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, तो केवळ नावांची यादी देऊन थांबला नाही. कोणते रोप कोणत्या जमिनीवर, कोणाच्या शेजारी उगवते हा प्रश्न त्यात मुळापासून विचारलेला आहे. दोघा लेखकांनी तेथील वनस्पतींचे पाच समुदाय मानले. पहिला पाण्यातील व पाणथळीचा, दुसरा वाळूवरचा, तिसरा खडीवरचा, चौथा खडकावरचा आणि पाचवा माणसाच्या वस्तीभोवतीचा, म्हणजे उकिरडे, वाटा आणि पडक्या भिंतींच्या आश्रयाने वाढणारा.

आज ही विभागणी आपल्याला सहज सुचण्यासारखी वाटते. परंतु तिच्यामागचा विचार खोल आहे. कोरड्या प्रदेशात आकाशातून पडणारे पाणी सर्वांना सारखेच मिळते; फरक पडतो तो जमीन ते पाणी कसे धरून ठेवते यामुळे. वाळूत पाणी झिरपून खाली जाते, म्हणून तिथे लांब मुळांची झुडपे तग धरतात. खडीच्या पठारावर मातीचा थर पातळ असतो, म्हणून तिथे जमिनीलगत पसरणारी बुटकी रोपे दिसतात. खडकावर तर माती नसतेच. परंतु खडकाच्या फटींत ओल टिकते, आणि त्या फटीत ज्याचे मूळ शिरले ते झाड जगते. जोधपूरच्या खडकाळ टेकड्यांवर थोर, गुग्गुळ आणि डिंक देणाऱ्या बाभळीच्या जाती यांचे जे राज्य आहे, ते याच कारणाने.

टी. एस. सबनीस या तरुण अभ्यासकाने या वाळवंटी वनस्पतींच्या पानांचे आणि देठांचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून हाच विचार आणखी पुढे नेला. पानांवरील लव, जाड कातडी, खोलगट खड्ड्यांत दडलेली रंध्रे अशा कोणकोणत्या उपायांनी झाड आपले पाणी राखते, हे त्यांच्या लेखमालेतून मांडले गेले. विद्यार्थी व सहकारी यांना बरोबरीने लेखक म्हणून पुढे आणणे हा फादर ब्लाटर यांचा स्वभावच होता. हॉलबर्ग, सबनीस, मॅकॅन, डी’आल्मेडा, फर्नांडिस ही नावे त्यांच्या ग्रंथांवर आणि लेखांवर त्यांच्या नावाच्या शेजारी छापलेली आहेत. नेच्यांवरील ग्रंथ १९२२ मध्ये डी’आल्मेडा यांच्यासह, सिंधू नदीच्या मुखाजवळील वनस्पतींवरील लेखमाला मॅकॅन व सबनीस यांच्यासह आणि वझिरिस्तानच्या वनस्पतींवरील अभ्यास फर्नांडिस यांच्यासह प्रसिद्ध झाला.

हीच नजर वऱ्हाडात

फादर ब्लाटर यांचे मुंबई इलाख्यातील काम वऱ्हाडापर्यंत पोहोचले नाही, कारण वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हता. प्रशासनाची सीमा हीच पुष्कळदा ग्रंथाची सीमा असे. कुक यांचा ग्रंथ सिंधपर्यंत जातो, परंतु अमरावतीला येत नाही. झाडे मात्र इलाख्यांच्या सीमा ओळखत नाहीत. मारवाडात त्यांनी जो प्रश्न विचारला तो चांदूर रेल्वेच्या परिसरात विचारला, तर चित्र पुष्कळसे तसेच उमटते.

नाल्याकाठची आणि मालखेडच्या तलावाकाठची वनस्पती वेगळी. खालच्या काळ्या, भारी जमिनीतली वेगळी. ती जमीन बहुतेक नांगराखाली गेली आहे, म्हणून मूळची वनस्पती आता बांधांवरच पाहायला मिळते. टेकडीच्या उतारावर मुरूम लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांतून बनलेला काळा पाषाण झिजून तो तयार झालेला आहे. इथे माती वीतभर, खाली खडक. पावसाचे पाणी लवकर वाहून जाते आणि उरलेली ओल मार्गशीर्षापर्यंत संपते. मोठ्या वृक्षाला अशी जमीन पुरत नाही. गवताला आणि काटेरी झुडपाला पुरते.

या मुरमाड उतारावरची मानाची गवते म्हणजे शेडा, पवन्या आणि मारवेल. वनस्पतिशास्त्रात शेडा-पवन्याच्या कुळीला सेहिमा व मारवेलच्या कुळीला डायकँथियम म्हणतात. दबडघाव व शंकरनारायण या अभ्यासकांनी भारतातील गवताळ प्रदेशांची जी विभागणी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली, तीत दख्खनच्या पठारासह द्वीपकल्पाच्या मोठ्या भागाला याच दोन गवतांचे नाव दिलेले आहे. त्यांच्या जोडीला कुसळी आहे आणि सुवासिक तिखाडी आहे. तिखाडीचे तेल काढण्याचा धंदा एके काळी वऱ्हाड आणि निमाडात चांगलाच नावाजलेला होता.

या गवतांची जगण्याची रीत पाहण्यासारखी आहे. झाडाचा कोंब शेंड्याला असतो. गवताचा जमिनीलगत असतो. म्हणून गुरांनी वरचे पान खाल्ले किंवा उन्हाळ्यात वणवा लागला, तरी पहिल्या पावसाबरोबर गवत पुन्हा फुटते. कुसळीच्या बीजाला पीळ असलेले लांब कुसळ असते. दमट हवेत तो पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो आणि या उलटसुलट फिरण्याने बी स्क्रूसारखे मातीत शिरते. जी कुसळे आपल्या धोतरा-लुगड्यांत अडकून टोचतात, तीच उन्हाळ्यातील वणव्यापासून बीज वाचवतात. जमिनीखाली मुसळी, शतावरी, कळलावी यांचे कंद आठ महिने निद्रिस्त असतात आणि रोहिणी-मृगाच्या पावसाने जागे होतात. एप्रिलमध्ये मृत वाटणारी भूमी मृत नसते. तिचे बहुतेक जीवन तेव्हा मातीखाली असते.

परंतु सहनशीलतेलाही मर्यादा असते. गुरांची संख्या फार वाढली आणि गवताला बी धरण्याची उसंतच मिळाली नाही, तर शेडा व मारवेल हळूहळू नाहीसे होतात. त्यांची जागा कुसळी घेते. त्यानंतर येतात ती वर्षभरात संपणारी हलकी गवते, ज्यांना गुरेही तोंड लावत नाहीत. सरतेशेवटी उघडा मुरूम उरतो आणि त्यावर घाणेरी, म्हणजे आपल्याकडची रायमुनिया, व गाजरगवत पसरते. फादर ब्लाटर यांनी वस्तीभोवतीच्या वनस्पतींचा जो पाचवा समुदाय वेगळा काढला, तो आज अनेक माळांवर चढून बसला आहे.

प्राचार्यपद, पाचगणी आणि गवतांचा ग्रंथ

१९१९ मध्ये फादर ब्लाटर सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९२४ पर्यंत त्या पदावर राहिले. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या मिशनमध्ये, जर्मन धर्मगुरू गेलेले आणि त्यांच्या जागी येणारे स्पॅनिश येशूसंघीय अजून स्थिरावलेले नसताना, त्यांनी ही जबाबदारी वाहिली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते उपाध्यक्षही होते.

पुढच्या काळात प्रकृतीच्या कारणाने त्यांचा मुक्काम पाचगणीच्या थंड हवेत राहिला. अनेकांच्या बाबतीत असा मुक्काम म्हणजे निवृत्ती ठरते. फादर ब्लाटर यांच्या लेखणीला मात्र याच काळात बहर आला. भारत व श्रीलंकेतील ताडवर्गीय झाडांवरचा ग्रंथ १९२६ मध्ये आला. काश्मीरच्या फुलांवरील दोन खंड लगेच त्यानंतर आले. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची कुक यांनी केलेली नोंद तपासून ती सुधारण्याचे मोठे काम त्यांनी १९२६ पासून लेखमालेच्या रूपाने हाती घेतले.

या कामात त्यांचे प्रमुख सहकारी होते चार्ल्स मॅकॅन. गोव्याच्या सीमेजवळील कॅसलरॉक येथे १८९९ मध्ये जन्मलेले मॅकॅन हे त्यांचे विद्यार्थी. सह्याद्रीच्या कड्याकपारींतून हिंडून रोपे जमवावीत ती मॅकॅन यांनीच. त्या दोघांनी मिळून गवतांचा अभ्यास केला. वनस्पतिशास्त्रात गवत हा अवघड विषय समजला जातो. फुले इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. पाकळ्या नाहीत, रंग नाही, सुगंध क्वचितच. सामान्य माणूस सगळ्याला मिळून गवत म्हणतो आणि पुढे जातो. या दोघांनी मात्र एकेक जात वेगळी करून तिचे वर्णन केले. पाचगणीच्या पठारावरील मारवेलच्या एका भाऊबंद जातीला त्यांनी पाचगणीचेच नाव दिले. दुसऱ्या एका जातीला फादर ब्लाटर यांनी मॅकॅन यांचे नाव दिले. गुरूने शिष्याचे नाव एका गवताला द्यावे, ही शास्त्रातील कृतज्ञतेची सुंदर रीत आहे.

पाचगणीचे ते पठार म्हणजे उघड्या जांभ्या खडकाचा सपाट माळ. पोहऱ्याच्या मुरमाड टेकडीपेक्षा तिथे पाऊस पुष्कळ अधिक. तरीही मूळ गोष्ट तीच. पातळ माती, तळाशी खडक, आणि चार महिन्यांत उगवून, फुलून, बीज टाकून मोकळी होणारी वनस्पती. महाराष्ट्रातील दुर्मीळ व इतरत्र न आढळणाऱ्या गवतांपैकी अनेक अशाच खडकाळ माळांवर सापडतात.

१९३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने ब्रूल स्मृतिपदक देण्यास आरंभ केला आणि त्याचे पहिले मानकरी म्हणून फादर ब्लाटर यांची निवड केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २६ मे १९३४ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ते ख्रिस्तवासी झाले. तेव्हा मृगाचा पाऊस यायला थोडेच दिवस उरले होते. त्यांच्या टेबलावरचे काम अपुरे होते. मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांना छापील रूपात पाहता आला नाही. कुक यांच्या ग्रंथाच्या सुधारणेचे कामही पूर्णत्वाला जाऊ शकले नाही.

पुढे चाललेली परंपरा

फादर ब्लाटर यांनी जमवलेले आणि जमवून घेतलेले संग्रह त्यांच्याबरोबर संपले नाहीत. स्पेनमधून आलेले येशूसंघीय फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी १९४० नंतर तो वारसा पुढे चालवला. सेंट झेवियर्समधील संग्रहाला ब्लाटर यांचे नाव मिळाले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील फादर सांतापाव यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. स्वित्झर्लंडमधील एका शास्त्रज्ञ धर्मगुरूने लावलेले रोप स्पेनमधील दुसऱ्या धर्मगुरूने वाढवले आणि आज भारतीय संशोधक त्याची निगा राखत आहेत. राजस्थानातील एका रानवेलीच्या जातीला प्राध्यापक भंडारी यांनी ब्लाटर हे नाव दिले, त्यामुळे मारवाडच्या वाळूतही त्यांची आठवण उगवते.

एक शंका काही वाचकांच्या मनात येऊ शकेल. आत्म्यांच्या तारणासाठी घरदार सोडून आलेल्या धर्मगुरूने गवताची पाती मोजण्यात आयुष्य का घालवावे? फादर ब्लाटर यांच्या जीवनाने त्याचे उत्तर कृतीतून दिलेले आहे. त्यांनी गुरुदीक्षा घेतली, मिस्सा अर्पण केला, महाविद्यालय सांभाळले, तरुणांना घडवले. आणि हे सर्व करताना परमेश्वराने निर्माण केलेल्या लहानात लहान वस्तूकडे काळजीपूर्वक पाहणे हा त्याच सेवेचा भाग मानला. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिष्यांचे लक्ष वेधले ते राजवाड्याकडे नव्हे, रानातील फुलांकडे आणि गवताकडे, हे आपणांस ठाऊक आहेच.

आपल्या माळाचे काय?

फादर ब्लाटर यांच्या चरित्रातून आपल्यासाठी एक अगदी व्यवहारातला प्रश्न उभा राहतो. गेल्या काही वर्षांत वृक्षारोपण हा पुण्यकर्माचा सर्वमान्य प्रकार झाला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे संकल्प सोडले. शाळा, संस्था आणि आपले धर्मग्रामही अशा कार्यात हौसेने सहभागी होतात. झाड लावणे चांगलेच आहे. परंतु ते कोठे लावावे हा विचार सहसा होत नाही. रिकामी दिसणारी जागा म्हणून मुरमाड माळच निवडला जातो. तिथे खड्डे खोदताना शंभर वर्षांची गवताची मुळे उपटली जातात. रोप जगले तर त्याच्या सावलीत शेडा-मारवेल मरते, कारण त्यांना भरपूर ऊन लागते. रोप मेले, आणि वीतभर मातीत ते पुष्कळदा मरतेच, तर उरतो तो फक्त उकरलेला मुरूम आणि त्यावर माजणारे गाजरगवत.

माळ गेला म्हणजे केवळ गवत जात नाही. काळवीट, तणमोर, चंडोल, ससा, खोकड हे सर्व जीव उघड्या गवताळ भूमीवरच जगतात. दाट झाडी त्यांच्या कामाची नाही. वाशीम जिल्ह्यात २००० साली घोषित झालेले कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य याच कारणाने महत्त्वाचे आहे. वाशीम-अकोला भागातील फासेपारधी बांधवांपैकी काहींनी गवताचे माळ आणि त्यांवरील तणमोर राखण्याचे काम अंगावर घेतले, ही आपल्या वऱ्हाडातील अभिमानाची गोष्ट आहे. आणि माळावर शेळ्यामेंढ्या चारणाऱ्या धनगर कुटुंबांसाठी, दोन-चार जनावरे पाळणाऱ्या भूमिहीनांसाठी तो पडीक कधीच नव्हता. तो त्यांचा गोठा आणि कोठार होता.

म्हणून आपल्या धर्मग्रामांतील जबाबदार मंडळींना काही विनंत्या कराव्याशा वाटतात. चर्च, शाळा किंवा दफनभूमीच्या आवारात मुरमाड जागेचा एखादा तुकडा मूळ गवतासह शिल्लक असेल, तर तो सपाट करू नये, उकरू नये. झाडे खोल मातीच्या जागी, कुंपणालगत किंवा नाल्याकाठी लावावीत. त्या तुकड्यातील गवत नोव्हेंबरात बी झडल्यानंतरच कापावे, आधी नाही. पावसाळ्यात तिथे गुरे सोडू नयेत. रायमुनिया व गाजरगवत दिसताच, ते फुलण्याआधी, मुळासकट काढावे. ज्या शाळांत विज्ञानाचे शिक्षक उत्साही आहेत, त्यांनी मुलांकडून टीपकागदात पन्नास रोपे वाळवून, स्थळ व तारीख घालून एक लहानसा संग्रह करवून घ्यावा. त्याला खर्च जवळजवळ काही नाही. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, दोन फळ्या आणि वर वजनाला चार विटा एवढे पुरते. रोपांची बोलीभाषेतील नावे घरातील आजी-आजोबांना आणि गुराख्यांना विचारून लिहून ठेवावीत; ती नावे माहीत असलेली माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

मुंबई इलाख्याच्या सीमेमुळे फादर ब्लाटर यांची लेखणी जिथे थांबली, त्या पोहरा-मालखेडच्या उतारांवर हे काम आपल्या शाळांतील मुलांना सहज करता येईल. सुरुवातीला आषाढातील एक उघाडीचा दिवस पुरेसा आहे.